चिंचेनं घासलेलं घोड्याचं नाणं

"नाणं घेऊन ये, एकदा बघायचंय," हेंकआजोबा फोनवर म्हणाले. नाणं होतं आमच्याकडेच, पण लख्ख! नोव्हेंबर २०२०, दिवाळी नुकतीच झालेली. फेब्रुवारीत आलेल्या आणि कोरोनामुळे इथेच अडकलेल्या सासूबाईंनी देवाच्या भांड्यांबरोबर तेही चिंच-मीठ लावून घासलं होतं आणि लक्ष्मीपूजनाला मांडलं होतं.

हेंकआजोबा आमचे इथले, न्यूनेनमधले डच शेजारी. त्यांची बायको ट्रूस मार्चमध्ये कोरोनानं गेली. नंतर ते मुलीकडे ग्रोनिंगनला राहायला गेले आणि जाताना ट्रूसचं लाडकं नाणं माझ्या नवऱ्याकडे, निखिलकडे, फोटो काढायला ठेवून गेले. जुन्या तांब्यावरचा काळा थर काढायचा नसतो, काढला की नाणं वाया गेलं, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. घरात सांगायला मीच विसरले. माझंच डोकं!

पोस्टानं पाठवून मोकळं व्हायला जीव धजेना. निखिलच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज होता, म्हणून शनिवारी साडेआठला मी आणि सासूबाई निघालो. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: आर्नहेम, झ्वोला करत अडीचशे किलोमीटरच्या वर होतात. दिवसा वेगमर्यादा शंभर, म्हणजे तीन तास धराच. रेस्टॉरंटं बंद होती. झ्वोलाच्या अलीकडे पंपावर कॉफी घेतली आणि गाडीतच थालीपीठ खाल्लं.

"आई, मी बोलेन. तुम्ही शांत बसा."

"का म्हणून? मी घासलं, मीच सांगणार."

"त्यांना मराठी कळत नाही."

"हात जोडलेले कळतात सगळ्यांना."

वाद नको म्हणून मी त्यांना नाण्याची गोष्ट सांगितली. अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली, तेव्हा काही राज्यं आपापली तांब्याची नाणी पाडायची. हे न्यू जर्सीचं, १७८६ सालचं. घोड्याचं डोकं आणि खाली नांगर. साचे हातानं कोरायचे, त्यामुळे एकासारखं दुसरं नाही. एका साच्यातला घोडा चक्क उंटासारखा दिसतो, काही डावीकडे बघतात. आणि मोजक्या साच्यांत नांगराच्या फाळापुढचं उभं पातं कोरलेलंच नाही. ती नाणी दुर्मीळ. आपलं त्यातलंच, असं ट्रूस सगळ्यांना अभिमानानं सांगायची; काळ्या थरामुळे निखिलला मात्र फोटोत ते कधी नीट दिसलं नव्हतं. "अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या.

ग्रोनिंगनमध्ये शहराबाहेर गाडी फुकट लावता येते, तिथून बस मिळते. आम्ही मात्र थेट घरी गेलो. आजोबा मागच्या अंगणात दोन ब्लँकेटं गुंडाळून बसले होते. दीड मीटर अंतर ठेवून आमच्या खुर्च्या. मी डबी टेबलावर सरकवली आणि इंग्रजीत सगळं एका दमात सांगून टाकलं. सासूबाई उभ्या राहून हात जोडत होत्या, डोळ्यांत पाणी.

आजोबांनी डबी उघडली. खिशातून भिंग काढलं आणि उन्हात धरून बघत बसले. वाटलं, ओरडा हो, काहीतरी बोला तरी!

मग त्यांनी नाणं आणि भिंग टेबलावर माझ्या बाजूला ठेवलं. "नांगरापुढे काय दिसतं?"

मी पाहिलं. चिंचेनं सगळं उघडं पाडलं होतं. फाळापुढे पातं होतं, झिजलेलं, पण स्पष्ट. म्हणजे नाणं साधंच. आता खोटं बोलावं का? आधीच नाणं बिघडवलं, वर फसवायचंही?

"पातं आहे," मी म्हणाले.

"हो," आजोबा म्हणाले. "मला तीस वर्षांपूर्वीच दिसलं होतं. तिच्याजवळ बोललो नाही."

मग त्यांनी सासूबाईंना खूण करून बसायला सांगितलं आणि मुलीला कॉफी आणायला हाक मारली. नाणं रुमालानं पुसून शर्टाच्या खिशात ठेवलं.

परत येताना मी सासूबाईंना सगळं मराठीत सांगितलं. एकदा सांगून झालं, तर म्हणाल्या, पुन्हा सांग. हे सगळं आजोबांना विचारूनच लिहितेय. ट्रूसला आता कोण सांगणार, असं म्हणाले.

अंधार पडता पडता न्यूनेनला पोचलो. निखिल दारातच उभा. "रागावले का? आणि नाणं कुठलं निघालं शेवटी?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई चपला काढत म्हणाल्या, "बिनपात्याचं."