दुकानाच्या पत्त्यावर आलेली तीन पत्रं

बावीस वर्षं औषधांचं ते दुकान चाललं आत्याच्या नोंदणीवर. आत्या म्हणजे मालकाची धाकटी बहीण. भाची आत्या म्हणायची म्हणून गिऱ्हाइकंही आत्याच म्हणायची. नोंदणी असलेला फार्मासिस्ट असल्याशिवाय असं दुकान चालवता येत नाही, आणि दादाला तर शिक्षणाचं वावडं. तेव्हा गल्ला दादाचा, डोकं आत्याचं, असा सगळा कारभार. दोन औषधं एकमेकांशी भांडतील असं वाटलं की ती सरळ डॉक्टरांनाच फोन लावी, मग डॉक्टर कितीही मोठा असो.

एवढी हुशार बाई, पण एका बाबतीत पार बावळट. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्याबद्दलची फार्मसी परिषदेची पत्रं यायची दुकानाच्या पत्त्यावर. "तू गोळ्या बघ, कागद मी बघतो," असं दादा म्हणायचा. तिनं कधी पावती मागितली नाही. सख्ख्या भावाकडे कोण मागतं, सांगा.

यंदा भाचीही फार्मासिस्ट झाली. आत्यानंच तिला हाताशी धरून तयार केलं होतं. सोमवारी सकाळी दादा म्हणाला, "तुझी नोंदणी संपलीय. आता काउंटरवर पोरगी उभी राहील. तू आराम कर." इतक्या गोडीत म्हणाला, की आत्याला धक्का बसायलाच अर्धा दिवस लागला.

दुपारी तिनं परिषदेचं कार्यालय गाठलं. खिडकीतला कारकून भला निघाला. "घाबरू नका. संपली म्हणजे रद्द झाली नाही. वर्षाच्या आत विलंबशुल्क भरा, नूतनीकरणाला लागणाऱ्या प्रशिक्षणाचे राहिलेले दोन दिवस पुरे करा, नोंदणी पुन्हा चालू. तोवर मात्र औषध द्यायचं नाही. पण आम्ही तीन पत्रं पाठवली होती की."

"मला एकही मिळालं नाही."

त्यानं पोचपावत्या पुढे सरकवल्या. दादाची सही असणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. मनात शिव्याही तयार होत्या. सही भाचीची होती. तिन्हींवर. पहिल्या पावतीच्या तारखेला पोरीची परीक्षा चालू होती, आणि आत्या तिला रोज पहाटे उठवून अभ्यास घेत होती.

आत्याला रडू फुटलं, तेही रांगेत, चारचौघांत. मग तिनं तोंड पुसलं आणि अर्ज ओढला.

"पत्रांचा पत्ता बदलायचाय का?" कारकुनानं विचारलं.

तिनं पेन टेकवलं आणि ती थांबली. ती राहायची दुकानाच्याच वर, दादाच्या घरात. दुसरा पत्ता तिच्यापाशी नव्हता.

"पत्र पाठवूच नका," ती म्हणाली. "मी इथे येऊन घेऊन जाईन."