सगळेच समाधानी

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी लोकप्रशासनात एम.ए. करायला घेतलं. घरात कोणी विरोध केला नाही, कारण कोणी ते मनावरच घेतलं नव्हतं. मी शहरातल्या एका क्षेत्रीय कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसते. प्रशासन रोजच हातून जातं, त्यात शिकायचं काय, असं खरं तर मलाही वाटत होतं.

वर्ग रविवारी सकाळी सदाशिव पेठेत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर भरायचा. बरोबरची बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षावाली, माझ्या निम्म्या वयाची. संशोधन पद्धती शिकवायला निवृत्त प्राध्यापिका होत्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळे टोमणा घरी पोचल्यावर लागायचा. प्रबंधासाठी त्यांनी प्रत्येकाला सर्वेक्षण करायला सांगितलं. मी विषय घेतला: आमच्या कार्यालयातल्या सेवेबद्दल नागरिकांचं समाधान.

मला ते काम सोपं गेलं. बाकीची मुलं फॉर्म भरून घ्यायला दारोदार हिंडत होती, माझ्याकडे माणसं आपण होऊन रांगेत येत होती. अर्ज घेतला की मी काचेखालून फॉर्म सरकवायची. नाव लिहायचं नाही, फक्त खुणा करायच्या. पंधरा दिवसांत गठ्ठा तयार झाला. जवळजवळ सगळे ‘समाधानी’, बरेच जण ‘अत्यंत समाधानी’. मला मनापासून आनंद झाला. मी खिडकीवर कोणावर खेकसत नाही, कोणाकडून चहापाणी घेत नाही, टेबल लख्ख ठेवते. लोकांना ते दिसतं, असं वाटलं.

बाईंनी फॉर्म चाळले. “अहो, एवढं समाधान तर लोकांना देवळातही मिळत नाही,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “फॉर्म भरून घेताना तुम्ही कुठे होतात?”

“खिडकीवर.”

“आणि त्यांचा अर्ज?”

“माझ्याकडे.”

“मग ते दुसरं काय लिहिणार? परत करा. आणि तुम्ही कोण ते कळणार नाही अशा ठिकाणी करा.”

मला राग आला. चार मुलांदेखत बोलल्या म्हणून जास्तच आला. दोन दिवस घरात, बसमध्ये मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. पण प्रबंध अडला होता, तेव्हा तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं, ओढणी बदलली आणि कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. आमच्याकडे आलेली माणसं साहेब जेवून येईपर्यंत तिथेच थांबतात.

बाकावर एक पस्तिशीचा माणूस बसला होता. बोटांच्या पेरांवर वाळलेली खळ होती. बाइंडिंगचं काम करतो म्हणाला, वडिलांपासूनचं दुकान आहे. मी कॉलेजसाठी माहिती गोळा करतेय असं सांगितलं. कार्यालयात काम कसं काय झालं, म्हणून विचारलं.

“काम व्हायचंय अजून, ताई,” तो चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणाला. “मोफत प्रवेशाच्या सोडतीत मुलीचा नंबर लागलाय. पहिलीत. चांगली शाळा आहे, आठवीपर्यंत फी नाही. पण जन्मदाखल्यात तिचं नाव घालायचं राहून गेलंय. गुरुवारपर्यंत दाखला दाखवला नाही तर नंबर पुढच्या मुलाला जातो.”

“मग?”

“मागच्या शुक्रवारी दुपारी अर्ज दिला. शनिवारी आलो, काल आलो, आज सकाळीपण आलो. येत्या शनिवारी या म्हणाल्या.”

“खिडकीवरच्या मॅडम कशा आहेत?”

“मॅडम चांगल्या आहेत. ओरडत नाहीत. त्यांचाही नाइलाज असेल.”

इथे मला एक कबूल करायला हवं. नाइलाज कसलाही नव्हता. नाव नोंदवायचे अर्ज मी आठवडाभर साठवायची आणि शुक्रवारी सकाळी एकत्र साहेबांच्या सहीला न्यायची. रोज दोन-दोन कागद घेऊन गेलं की साहेब वैतागतात, शिवाय नोंदवहीत एका तारखेखाली सगळं सुटसुटीत बसतं. ही पद्धत मी स्वतः बसवली होती आणि मला तिचा अभिमान होता. नव्या क्लार्कना मी ती शिकवलीही होती. त्या पद्धतीने शुक्रवारी दुपारी आलेला अर्ज पूर्ण आठवडा माझ्या खणात पडून राहायचा.

मी त्याला सहज विचारल्यासारखं मुलीचं नाव विचारून घेतलं आणि उठले. खणात तिसराच अर्ज तिचा होता. सगळी कागदपत्रं जोडलेली, एक त्रुटी नव्हती. साहेब जेवून आले तशी तो एकच कागद घेऊन आत गेले. “आज मंगळवार ना?” त्यांनी विचारलं, आणि सही केली. अर्ध्या मिनिटाचं काम. संध्याकाळी अर्जावरच्या नंबरवर फोन करून मी त्याला सकाळीच बोलावलं.

बुधवारी तो कार्यालय उघडायच्या आधी दारात उभा होता. दाखला काचेखालून न सरकवता मी खिडकीबाहेर आले आणि त्याच्या हातात दिला. मन मोकळं करावंसं वाटत होतं. म्हटलं, “काल टपरीवर बसले होते ती मीच. तुम्ही ओळखलं नाहीत.”

“बसलात तेव्हाच ओळखलं.”

“मग मॅडम चांगल्या आहेत असं का म्हणालात?”

त्याने आधी दाखला उजेडात धरला, मुलीचं नाव वाचलं, सही बघितली, शिक्का बघितला. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घातला, फाइल पिशवीत ठेवली आणि पिशवीची चेन शेवटपर्यंत ओढली. मग माझ्याकडे बघितलं.

“गुरुवारची तारीख तुम्हाला खिडकीवर दोनदा सांगितली होती, मॅडम. सगळ्यांनाच घाई असते म्हणालात. सोमवारी मुलीला घेऊन आलो होतो. तिला उचलून काचेसमोर धरलं, म्हटलं हिला बघून तरी काम होईल. तुम्ही मान वर केली नाहीत.”