गंगाक्काची लॉरी

परवा नातवानं दाराच्या बिजागरीला एरंडेल सोडलं आणि त्या वासासरशी मला झरीचा रस्ता आठवला. निजामाचं राज्य होतं. बाळंतपणात अडलेल्या गंगाक्काला आम्ही थोरल्या दादाच्या कापसाच्या लॉरीतून परभणीच्या दवाखान्यात नेत होतो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खड्डा आला की मागच्या चाकापाशी करकर वाजायचं आणि ती कळवळायची.

“दादा, तेवढा आवाज बंद कर रे. डोक्यात घुसायलाय.”

दादा लॉरी थांबवून खाली शिरला. मागच्या चाकावरचे लोखंडी कमानपाटे कोरडे पडून एकमेकांवर घासत होते. त्यानं पहारीनं ते जरा फाकवले आणि एरंडेलात भिजवलेली चिंधी फटींत पिळली. लॉरी पुन्हा निघाली, तेव्हा मागून आवाज नव्हता.

“आता बरं वाटायलंय,” म्हणत आक्कानं डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं दादानं पुढून विचारलं, “गंगे, आता न्हाई ना वाजत?”

माझ्या हाताखालचं तिचं कपाळ गार पडलं होतं.

“न्हाई वाजत,” मीच म्हणाले.

वाटेत वेळ घालवला म्हणून दादा मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिला. तेव्हा मलाही तसंच वाटायचं. आता वाटतं, त्या रस्त्यावर आक्कानं एवढंच मागितलं होतं, आणि तेवढं त्यानं तिला दिलं.