विलायती इंजिनाचं तुटलेलं सील

नोकरीत मी पंचनामे बरेच केले. खुनाचे, चोरीचे, रेल्वेखाली सापडलेल्यांचे. आता वयामुळे त्यातले बहुतेक एकमेकांत मिसळून गेलेत. इंजिनाच्या एका पेटीचा पंचनामा मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. त्या प्रकरणात कोणाला शिक्षा झाली नाही, कोणाला साधं खरचटलंही नाही. तरी एक माणूस त्यात बिनकारण आयुष्यातून उठला असता.

भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी मूळचा भंडाऱ्याकडचा. प्रांतांची नवी वाटणी झाली, आमचं गाव मुंबई राज्यात गेलं आणि मी मध्य प्रदेश पोलिसांत इकडेच राहिलो. ठाणं म्हणजे पत्र्याची शेड, पावसाळ्यात आत छत्री धरून रोजनामचा लिहायचा. हाताखाली मोजके शिपाई आणि हद्दीत साऱ्या देशातून आलेली माणसं. पंजाबी ड्रायव्हर, तेलुगू बिगारी, बंगाली बाबू, आमच्या विदर्भातले फिटर आणि वरून रशियन साहेब. पाण्याच्या नळावर रोज डोकी फुटायची.

वस्तीपासून दूर एक धावपट्टी होती. एका खासगी कंपनीचं छोटं विमान तिथे उतरायचं. त्यातून तज्ज्ञ मंडळी यायची, अडलेल्या मशीनचा एखादा सुटा भाग यायचा. त्या विमानाचं एक इंजिन दुरुस्तीला विलायतेला पाठवलं होतं. ते परत आलं, मोठ्या लाकडी पेटीत, तारेने बांधून आणि शिशाची सीलं ठोकून. पेटी धावपट्टीजवळच्या कंपनीच्या शेडमध्ये, मागच्या खोलीत ठेवली होती. विमान खात्याचे निरीक्षक कलकत्त्याहून आले, त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकले आणि म्हणाले, "हे सील कोणीतरी उघडलं आहे."

कंपनीचा मॅनेजर त्याच पावली जीप घेऊन ठाण्यात आला. "दरोगा साहब, सॅबोटाज है! मशीन के साथ किसी ने छेड़छाड़ की है!"

मला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी निरीक्षकांनाच विचारलं, की एक तार तुटली तर एवढा गहजब कशाला. ते शांत गृहस्थ होते. म्हणाले, "ठाणेदारसाहेब, हे इंजिन आम्ही उघडून पाहिलेलं नाही. तिकडच्या कारखान्याने ते पूर्ण खोललं, जुळवलं आणि दाखला दिला. आमच्या खात्याने तो कारखाना आधी तपासून मंजूर केलाय, म्हणून त्याचा दाखला इथे चालतो. पण कुठवर? तिथे लावलेलं सील इथे शाबूत दिसेल तोवर. मध्ये कोणाचा हात लागला की तो दाखला कशाबद्दल आहे, हेच सांगता येत नाही. इंजिन उत्तम असेलही. मी मान्यता देऊ शकत नाही."

हे मला पटलं. आम्हीसुद्धा मुद्देमाल लाखेचं सील लावूनच पाठवतो. सील फुटलेलं निघालं की कोर्टात वकील आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटतो.

तो काळ वेगळा होता. परदेशी पाहुणे ज्या विमानातून येणार, त्याच्या इंजिनाशी कोणी खेळलं म्हटल्यावर दुर्गच्या जिल्हा पोलीसप्रमुख साहेबांचा लगेच निरोप आला: माणूस हजर करा. आणि माणसाचं नाव तर मॅनेजरकडे तयारच होतं. शेडमधला एक मेकॅनिक. लायसनवाला, नागपूरला शिकलेला, कामात चोख. चौकीदाराने खबर दिली होती, की पेटीवर नजर नव्हती ती फक्त विश्वकर्मा पूजेच्या दिवशी; तेव्हा सारी शेड पूजेला बसली होती आणि हा एकटा बाहेर होता.

"बाकी सब पूजा में थे," मॅनेजर म्हणाला. "आप ही बताइए, और कौन होगा?"

विश्वकर्मा पूजा तिथे काय असते, ते सांगायला हवं. त्या दिवशी भिलाईत पाना उचलायचा नाही की मशीन चालवायची नाही. हत्यारं धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची. क्रेनला हार, ट्रकला हार, हातोड्यालाही हळदकुंकू. रशियन साहेबांच्या कपाळीसुद्धा टिळा लागायचा आणि ते बिचारे लाडू हातात धरून उभे राहायचे.

मेकॅनिकला आणवलं. तिशीतला, सावळा, सडपातळ. पूजेला का गेला नाहीस म्हणून विचारलं.

"मी बौद्ध हाय, साहेब. दीक्षा घेतली तवापासून पूजेले जात नाही. शेडच्या मागं बाभळीखाली बसून भाकर खाल्ली."

"कोणी पाहिलं?"

"कोण पाहीन? सारे तं आत होते."

"मग सील कोणी तोडलं?"

तो खाली बघत राहिला. मी आवाज चढवून पाहिला, उतरवून पाहिला. खोटं बोलणारा माणूस फार सांगतो, हा माझा अनुभव. तो उत्तराला उत्तर जुळवत बसतो. हा तसं काहीच करत नव्हता. त्याला काहीतरी माहीत होतं आणि ते तो गिळून बसला होता, एवढं मला कळलं. मी त्याला अटक दाखवली नाही, संशयावरून बसवून ठेवलं. मॅनेजर तेवढ्यावरच खूश. त्याने मेकॅनिकचं लायसन रद्द करायची शिफारस तिथे बाकावर बसूनच खरडली. घातपाताचा गुन्हा लागला तर तुरुंग, नाही लागला तरी लायसन गेलं की विमानाला हात लावणं जन्मात शक्य नव्हतं.

मेकॅनिकची बायको डबा घेऊन मरोद्याच्या वस्तीतून चालत आली. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. शिपायाने हटकलं तर त्याला बाजूला सारून थेट माझ्या टेबलापुढे उभी.

"मले एक सांगा, ठाणेदार साहेब. पूजेत नव्हते म्हून हे चोर झाले, अन् पूजेत होते ते सारे साव झाले का?"

"बाई, चौकशी चालू आहे. घरी जा."

"करा नं चौकशी! बाकीच्याइले कावून नाही विचारून राहिले?"

हवालदार तिच्यावर खेकसला. मी त्याला गप्प केलं, कारण बाई बरोबर बोलत होती. बाकी सगळे पूजेत होते, हे आम्हाला मॅनेजरने सांगितलं होतं. मी स्वतः एकालाही विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्येच टेबल मांडलं आणि एकेकाला बोलावलं. पहिला म्हणाला, "मी पूजेत होतो." दुसरा म्हणाला, "पूजेत होतो, साहेब." एक छत्तीसगढी खलाशी, म्हणजे शेडमधला हरकाम्या, म्हणाला, "पूजा म रेहेंव साहेब, परसाद घलो बांटेंव." सगळ्यांचं उत्तर तेच आणि माझ्या डोळ्यांना डोळा कोणीच देत नव्हता. माणूस खरं बोलताना असा नजर चोरत नाही. आणि खोटं बोलत असतील म्हणावं, तर पूजा झाली होती, प्रसाद वाटला होता, चौकीदाराने पाहिलं होतं. मला काही केल्या ताळमेळ लागेना.

शेवटी शेडचा मोठा मिस्त्री आला. तुमसरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, गळ्यात तुळशीची माळ. पूजा दरवर्षी याच्याच हातून व्हायची. मेकॅनिकच्या शेजारच्या झोपडीत राहायचा आणि दोघं रोज सोबत कामावर यायचे. मी त्याला सील-बिल काही विचारलंच नाही. म्हटलं, "मिस्त्री, पूजा कशाकशाची केली ते सांगा."

त्याचा चेहरा जरा सैल झाला. "खराद मशीनची केली, पंपाची केली, जीपची केली. पाने, घण, सारं धुवून मांडलं होतं, साहेब."

"जीपची केली? ती तर ढकलल्याशिवाय चालू होत नाही."

"असली तरी आपल्या पोटापाण्याची हाय नं."

"आणि विलायतेचं इंजिन? एवढं लाखमोलाचं, सात समुद्र ओलांडून तुमच्या दारी आलं. त्याला तसंच उपाशी ठेवलंत? जुन्या जीपला हार आणि नव्या इंजिनाला साधं कुंकूही नाही? ही कसली पूजा, मिस्त्री!"

म्हातारा ताडकन उठला. "उपाशी कावून ठेवीन, साहेब! नवी मशीन घरात आली अन् तिले हळदकुंकू नाही, असं माझ्या हातून होईन का?"

बोलला आणि तसाच उभा राहिला. मग खुर्चीची पाठ धरून हळूच खाली बसला.

"पेटी बंद होती ना?" मी विचारलं.

"बांधलेल्या देवाची पूजा कशी करू?" आता आवाज पार खाली आला होता. "तार सोडली. झाकण उचललं. हळदकुंकू वाह्यलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. मंग तार होती तशी बांधली, शिसं पकडीनं दाबलं. कारखान्यात सारे असंच करतात, साहेब. पेटी आली का आधी पूजा, मंग काम. मले काय मालूम, या तारेवर एवढं चालते म्हून?"

निरीक्षक आणि दोन पंच यांच्यासमोर झाकण काढलं. ग्रीस लावलेल्या त्या चकचकीत इंजिनावर मधोमध कुंकवाचं बोट होतं, हळद होती आणि ग्रीसला चिकटलेले तांदळाचे दाणे. निरीक्षकांनी चिमट्याने एक दाणा उचलला. हवा आत जाते त्या तोंडावरचं आवरण सरकलेलं होतं आणि दाणे त्याच्या काठापर्यंत पोचले होते. निरीक्षकांचा चेहरा उतरला. "आत किती गेलेत, पूर्ण खोलल्याशिवाय सांगता येणार नाही," ते म्हणाले. "आणि खोलायचा अधिकार इथे कोणाला नाही. परत पाठवा."

मी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. "तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

रांगेतल्या माना एकेक करून होकारार्थी हलल्या. माझं डोकं असं फिरलं, की त्या क्षणी मी काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. एक माणूस ठाण्यात बसलाय, त्याची बायको चिखल तुडवत येते आणि हे रोज तिच्या दारावरून कामावर जातात!

मेकॅनिकला तिथेच बोलावून घेतलं. विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशी पेटीच्या फळीवर हळदीचं बोट दिसलं होतं. मंग तपासणीचे साहेब येणार म्हून साऱ्याइनं पेट्या पुसल्या."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? बौद्ध झाला म्हून आमच्या पूजेवर डूख धरते, हेच म्हटलं असतं साऱ्याइनं. तुमी तरी काय म्हटलं असतं, साहेब?"

मिस्त्री पुढे आला. "बाबू, मी तुह्यं नाव नाही घेतलं रे. कोणालेच खोटं नाही सांगितलं. पूजेत होतो, एवढंच म्हटलं."

"व्हय दादा," मेकॅनिक म्हणाला. "खोटं कोणीच नाही बोललं. एखादा खोटं बोलला असता तं बरं झालं असतं, साहेबांनी पकडला असता."

म्हातारा सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. घातपाताचा उद्देश नाही, असा अहवाल मी वर पाठवला. दुर्गच्या साहेबांनी फोनवर चार शब्द सुनावले, पण अहवाल मंजूर केला. मॅनेजरने शिफारस फाडली आणि मेकॅनिकला उद्यापासून कामावर ये म्हणाला, जणू तो रजेवरच गेला होता.

या प्रकरणाने मला एक गोष्ट कायमची शिकवली. गुन्ह्याच्या वेळी कोण कुठे होता, हे विचारून पोलिसांचं काम अर्धंच होतं. तिथे बसून तो काय करत होता, हेही विचारावं लागतं. आणि जो घोळक्यात नाही, त्याच्यावर खापर फोडणं सगळ्यात सोपं असतं, कारण त्याच्या बाजूने बोलायला कोणी नसतो. पुढे कित्येक तपासांत मी आधी घोळक्याला गाठलं, एकट्याला मागाहून.

मेकॅनिक त्या शेडमध्ये परत गेला नाही. थोड्या दिवसांनी ठाण्यात आला. कलकत्त्याच्या एका कंपनीत त्याला जागा मिळत होती, पण इथली भानगड त्यांच्या कानावर गेली होती. त्यांना पोलिसांचा दाखला हवा होता. मी आनंदाने लिहून दिला: सदर इसमास संशयावरून चौकशीसाठी आणले असता तो पूर्णपणे निर्दोष आढळला. सही केली, शिक्का मारला.

त्याने उभ्या उभ्या वाचला. मग माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि 'संशयावरून' या शब्दावर बोट टेकवलं.

"बराबर लिहिलं, साहेब. पण वाचणारा इथंच थांबीन."

मी कागद फाडला. नवा घेतला. कायद्याच्या भाषेत काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं: या माणसाने दुरुस्त केलेल्या विमानात मी माझ्या लेकराबाळांसह बसेन. सही केली, पुन्हा शिक्का मारला.

"पोलिसांचा दाखला असा असते का?" त्याने विचारलं.

"नसतो," मी म्हटलं. "घेऊन जा."

त्याने तो घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि गेला. तिकडे तो दाखला मान्य झाला.