मंगळवारचे खेळाडू

अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोला असताना माझे मंगळवार फुटबॉलमध्ये जायचे. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जाण्याचा. तो खेळ मला तेव्हा नीट कळत नव्हता आणि आजही कळत नाही. आकडे मात्र कळत होते. लग्नाआधी मी पुण्यात एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवत होते. इथे माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे नोकरी करायची नाही. घराचं लीज, बँक, फोन, सगळं नवऱ्याच्या नावावर. दुपारी कपड्यांच्या घड्या झाल्या की मला काही काम नसायचं.

नवऱ्याच्या ऑफिसात दहा जणांची फँटसी लीग होती. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून आपली कागदावरची टीम करायची. ते खेळाडू रविवारी मैदानात जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला, आणि दर आठवड्याला दोघादोघांची मॅच, ज्याचे पॉइंट जास्त तो जिंकला. जे खेळाडू कुणीच घेतलेले नसत, त्यांतला एखादा मंगळवारी मागता यायचा. त्याला वेव्हर म्हणत. एकाच खेळाडूला दोघांनी मागितलं, तर रांगेत ज्याचा नंबर वर त्याला तो मिळायचा, आणि मिळाला की तो माणूस रांगेच्या शेवटी जायचा. नवऱ्याला या लीगमध्ये त्याच्या बॉसने ओढलं होतं. नाही म्हणायची याची बिशाद नव्हती.

पहिले सहा आठवडे हा हरत होता आणि रांगेतला पहिला नंबर धरून बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, एवढा चांगला नंबर उगाच कशाला घालवायचा, कोणीतरी भारी खेळाडू आला की वापरू. हे मला चांगलंच ओळखीचं होतं. याच्या माहेरी म्हणा ना, आहेरात आलेले टॉवेल पाहुण्यांसाठी कपाटात असतात आणि घरची माणसं विरलेल्या टॉवेलने अंग पुसतात. त्या टॉवेलांच्या लायकीचा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही.

मी त्याचा लीगच्या साइटचा पासवर्ड घेतला आणि आकडे बघायला बसले. बाकीचे लोक गेल्या रविवारी कुणी किती टचडाउन, म्हणजे त्यांच्यातले गोलच म्हणा, केले ते बघून त्याच्यामागे धावायचे. मला एका रविवारच्या टचडाउनवर भरवसा नव्हता, त्यात नशीब फार. कोचने बॉल कुणाच्या हातात किती वेळा दिला, ते मी बघायची. तो आकडा दर आठवड्याला वाढत असेल, तर कोचचा त्या माणसावर विश्वास बसतोय. एका टीमचा मोठा खेळाडू तीन आठवडे थोडा थोडा कमी पळत होता आणि त्याच्या जागी येणारा थोडा थोडा जास्त. या दुसऱ्याचं नाव लीगमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, तुझा पहिला नंबर याच्यावर घालव. तो तयारच होईना. बराच वाद झाला, शेवटी वैतागून त्याने बटण दाबलं. दहा दिवसांत तो मोठा खेळाडू गुडघा धरून बसला आणि आमचा माणूस सीझन संपेपर्यंत पळत राहिला.

मग दर मंगळवारी दुपारी मी यादी करायची आणि संध्याकाळी हा घरी येऊन भरायचा. आम्ही लीगमध्ये दुसरे आलो. लंचच्या टेबलावर लोक याचं मत विचारायला लागले होते. हा घरी येऊन ते सांगायचा आणि मला फार बरं वाटायचं, हे कबूल करते.

जानेवारीत बॉसने घरी पार्टी दिली. मी बटाटेवडे करून नेले होते. वडे खाता खाता बॉसने सगळ्यांसमोर याला विचारलं, तो खेळाडू तुला इतरांच्या आधी कसा काय दिसला? मी याच्या शेजारीच उभी होते. हा म्हणाला, "जस्ट अ गट फीलिंग." नंतर बॉसच्या बायकोने मला विचारलं, तू दिवसभर काय करतेस. मी म्हटलं, घरी असते.

गाडीत मी बोलत नाही म्हटल्यावर हा म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? गेम तर आहे, यार."

"म्हणूनच," मी म्हटलं. "एवढी एक गोष्ट सांगायला व्हिसा लागत नव्हता."

पुढच्या सीझनला मी यादी केली नाही. त्याने दोनदा आडून आडून विचारलं. यंदा तुझं तू बघ, मी सांगितलं. पाच आठवड्यांत हा पाचही मॅच हरला. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी तो घरात आला आणि खांद्यावरची बॅगही न काढता म्हणाला, "आज मी सांगून टाकलं. लंचला सगळे विचारत होते, यंदा तुला झालंय काय. म्हटलं, लास्ट इयर सगळे प्लेअर माझ्या बायकोने पिक केले होते."

मी पोळ्या करत होते. शेगडी बंद केली. जानेवारीपासून मी हेच ऐकायची वाट बघत होते, आणि आता ऐकल्यावर डोळ्यांत पाणीच आलं. ते काय म्हणाले, मी विचारलं.

"हसले सगळे. त्यांना वाटलं, मी जोक करतोय."

"मग तू काय केलंस?"

त्याने बॅग काढून खुर्चीवर ठेवली. "मी पण हसलो."

एवढा राग मला त्या पार्टीतही आला नव्हता.