दोनातलं एक

फोन करायला मला एसटी स्टँडसमोरच्या बूथवरच जावं लागलं. आमच्या क्वार्टरमध्ये फोन नव्हता. कारखान्याच्या ऑफिसात होता, पण तिथून बोललेलं सगळ्या कॉलनीला ऐकू जायचं. हे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते आणि मी श्रीगोंद्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मला त्रेचाळिसावं लागलं होतं. मधल्या सुट्टीत, भर बाजाराच्या दिवशी, मी त्या काचेच्या खोक्यात उभी राहून पुण्याच्या दवाखान्याचा नंबर फिरवत होते. बूथचं दार नीट लागत नव्हतं आणि माझ्यामागे रांग होती.

पलीकडून सिस्टर म्हणाली, "अभिनंदन मॅडम! रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. दिवस राहिलेत तुम्हाला."

मी म्हणाले, "बरं."

"मॅडम, ऐकू आलं ना?"

"हो, आलं. बरं. ठेवते."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्या अठरा वर्षांत मी हे वाक्य ऐकण्याची किती तऱ्हांनी कल्पना केली असेल, आणि ऐकल्यावर तोंडातून निघालं काय, तर "बरं". जणू सिलिंडरचा नंबर लागला होता. मागचा माणूस म्हणाला, "झालं का बाई? मार्केटला कांद्याचा भाव इचारायचाय." मी बाजूला झाले. शाळेत परत गेले आणि आठवीच्या वर्गाला त्रिकोणाची एकरूपता शिकवली. काय शिकवलं ते आठवत नाही. आपल्याला साधं रडताही आलं नाही, याचा राग मात्र अजून आठवतो.

राग त्याच्या आधीपासूनचाच होता. पाळी मागेपुढे व्हायला लागली तेव्हा गावातले डॉक्टर मला म्हणाले होते, "बाई, आता जायचीच वेळ आली. आता कशाला जिवाला लावून घेता?" जणू मी एखादी शेवटची गाडी चुकवलेली बाई होते. नगरला याआधी सगळं करून झालं होतं, तपासण्या, दुर्बिणीतून बघणं, गोळ्यांचे कोर्स. मग पुण्याच्या त्या दवाखान्याबद्दल कळलं. ह्यांनी एकच अट घातली, "टेस्ट ट्यूब हा शब्द घरात, दारात कुठेही काढायचा नाही." पहिला प्रयत्न फसला. त्याचं दुःखसुद्धा गुपचूप करावं लागलं, कारण ज्याची बातमीच कुणाला दिलेली नाही त्याचं सांत्वन कोण करणार? हा दुसरा प्रयत्न होता आणि शेवटचा, असं आमचं ठरलं होतं.

रिपोर्ट आल्यावर सुया थांबतील असं मला वाटलं होतं. त्या थांबल्या नाहीत. तेलातलं एक घट्ट इंजेक्शन रोज कमरेखाली घ्यायचं होतं. तेल जिरायचं नाही, गाठी व्हायच्या. मला वर्गात खुर्चीवर बसवेना, म्हणून मी उभ्यानेच शिकवायची. इंजेक्शन द्यायला कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर घरी येत. सिस्टर काही बोलल्या नसतील, पण रोज संध्याकाळी एकाच घरात सिस्टर शिरते म्हटल्यावर कॉलनीला आणखी सांगायला काय लागतं? आठवड्यात सगळ्यांना कळलं. शेजारच्या बाई, मूळच्या पारगावकडच्या बागायतदार घरातल्या, वाटीभर साजूक तूप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या नावानं शिंगणापूरला शनीसाठी तेल देऊन येते मी."

तोवर पुणतांब्याहून माझ्या सासूबाई येऊन दाखल झाल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात राबलेल्या, सत्तरीतही ताठ चालणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आमच्यात न्हाई हो ते. आमी बुद्धवंदनेला जानारी मानसं." शेजारीण हिरमुसली. ती गेल्यावर आत्याबाई मला म्हणाल्या, "वाहू दे, वाहू दे. तिचं तेल, तिचे पाय. आपन न्हाई म्हनलो म्हंजी झालं."

त्या आल्या त्या दिवसापासून माझं घर माझं राहिलं नाही. झाडू काढून घेतला, भांडी काढून घेतली, शाळेची पिशवी कपाटाच्या वर गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जड उचलू नका, बाकी नेहमीसारखं राहा, शाळेत जा. पण गावातल्या डॉक्टरांनी ह्यांना वेगळंच सांगितलं. या वयात, अशा प्रकारे राहिलेलं, धोका नको, पूर्ण आराम. आणि पलंगाच्या पायथ्याशी विटा लावा.

हे कामावरून येताना चार विटा घेऊन आले. पायाकडची बाजू उचलून त्यांनी त्या पायांखाली सरकवल्या आणि मला त्या उतरत्या पलंगावर झोपवलं.

मी म्हणाले, "अहो, पुण्याचे डॉक्टर तर नको म्हणालेत."

"त्यांचं काय जातंय? ते पुण्यात आहेत. इथं काही झालं तर?"

"डोकं खाली करून मळमळतंय मला."

"मळमळणारच. सगळ्यांना मळमळतं."

डोकं खाली आणि पाय वर करून जेवून बघावं कुणीही. गिळलेली भाकर परत घशाशी येते. आत्याबाई कुशीवर वळवून घोट घोट भरवायच्या. मी बेचाळीस वर्षांची बाई, दहावीच्या मुलींना बीजगणित शिकवणारी, आणि तोंड उघड म्हटलं की उघडायची. बाथरूमला जातानाही त्या दाराशी उभ्या. "कडी लावू नगंस," म्हणायच्या. "चक्कर आली तर कोन उघडंल?"

शाळेत रजा मागायला हे गेले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाईंना झालंय काय नक्की?" ह्यांनी कंबरदुखी सांगितली. दोन दिवसांनी माझ्या वर्गातल्या मुली कंबरेला लावायची मलमाची बाटली घेऊन भेटायला आल्या. त्या दारात उभ्या, मी आत उलट्या उतरणीवर. त्यांच्यातली एक लग्न ठरलेली होती, सोळा-सतरा वर्षांची. पुढच्या वर्षी हिच्या कडेवर मूल असेल, असं माझ्या मनात आलं आणि मला तिचाच राग आला. त्या पोरीनं काय केलं होतं माझं?

पहिली सोनोग्राफी पुण्याला होती. दौंडमार्गे एसटीनं जायचं तर आत्याबाई नको म्हणाल्या, म्हणून कारखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाची जीप ठरवली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा, एक. आणि हे दुसरं." करड्या पावसासारख्या त्या पडद्यात दोन काळे डाग होते आणि प्रत्येकात एक बारीक ठिपका लुकलुकत होता. मी बराच वेळ बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, "जुळं आहे. दोन्हींचे ठोके चालू आहेत. पण अजून लवकर आहे, लगेच कुणाला सांगू नका."

जीपमध्ये ह्यांनी सांगू नका या शब्दांचा मान घर येईपर्यंत राखला. घरी आल्या आल्या आईला म्हणाले, "दोन आहेत." आत्याबाईंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "दोन म्हंजी एकीला झेपंल का?" आणि लगेच ताटात भाकरी वाढवली. त्या दिवसांत एकदा, एकदाच, मला सगळं सोसल्याचं चीज झाल्यासारखं वाटलं. विटा, सुया, गाठी, तोंडाची गेलेली चव, सगळं. मी मनात दोघांना वेगवेगळं बघायला लागले. एक शांत, एक वळवळ्या. कशावरून ते विचारू नका.

पुढच्या सोनोग्राफीची तारीख यायच्या आधीच, एका सकाळी मला डाग दिसला.

मी हाक मारली. आत्याबाई धावत आल्या, त्यांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय केलंस?"

"काही नाही केलं."

"काल पलंगावरनं डबा काढाया उठली हुतीस. मी बघितलं."

"टेबलावरचा बिस्किटांचा डबा होता तो, आत्याबाई."

"त्येच त्ये."

हे आले. त्यांनीही तेच विचारलं, फक्त जरा सौम्य शब्दांत. "काही उचललं का गं?" जीप बोलावली. मी मागच्या सीटवर पाय वर करून आडवी होते आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हर स्वतःच "अरे अरे" करत होता.

डॉक्टरांनी पडदा आधी स्वतःकडे वळवून घेतला. मग म्हणाले, "एक अगदी छान आहे. ठोके जोरात आहेत. दुसऱ्याचे थांबलेत." मग ते पुढे म्हणाले, "जुळ्यांत असं बऱ्याचदा होतं. ते आपोआप विरून जाईल, काढायची गरज नाही. आणि हे बघा, तुम्ही काही केल्यामुळे हे झालेलं नाही. उठल्यामुळे नाही, बसल्यामुळे नाही. त्या विटासुद्धा काढून टाका."

हे शेजारीच उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं. त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले.

घरी पोचलो तर शेजारीण दारातच होती, आत्याबाईंच्या सोबत. तिनं विचारलं आणि हे म्हणाले, "सगळं ठीक आहे. काळजीचं कारण नाही."

मी जीपमधून उतरता उतरता म्हणाले, "सगळं ठीक नाहीये."

"अगं..."

"दोन होते. एक गेलं. मग सगळं ठीक कसं?"

शेजारीण माझा हात धरून म्हणाली, "अहो ताई, एक तर आहे ना! तेच किती मोठं नशीब. काहींना तेही नसतं." गेली अठरा वर्षं त्या 'काहीं'मध्ये मीच होते, आणि हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी हात सोडवून घेतला आणि आत गेले.

ह्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "लोकांना काय सांगायचं असतं? निम्मं गेलं असं?"

"डॉक्टर काय म्हणाले ते तरी सांगा तुमच्या आईला. मी काही केलं नाही म्हणून. निदान तेवढं."

"सांगेन. आता तू त्रास करून घेऊ नकोस. आहे त्याला त्रास होईल."

हे वाक्य मग पुढे कितीतरी वेळा ऐकलं. रडू नकोस, आहे त्याला त्रास होईल. चिडू नकोस, आहे त्याला त्रास होईल. आनंद झाला तर दृष्ट लागेल, दुःख झालं तर त्याला त्रास होईल. मग मी करायचं काय होतं? त्या संध्याकाळी आत्याबाई ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "झालं ते झालं. आता तरी नीट ऱ्हा." लग्न झाल्यापासून मी त्या बाईंना उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. मी ओरडले, "नीटच राहिले होते मी! तुमच्या समोर राहिले होते! बाथरूम आणि तो डबा सोडला तर ह्या पलंगावरून उतरले होते का मी?" कॉलनीला ऐकू गेलं असणार. त्यांनी ताट स्टुलावर ठेवलं आणि बाहेर गेल्या.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक करायच्या, ठेवायच्या, जायच्या. ह्यांनी एकदाच्या विटा काढल्या, पण तोंडानं काही नाही. त्यांनी आईला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई माझ्या पायांशी येऊन बसल्या. गाठींवर शेकायला गरम पाण्याची पिशवी आणली होती. ती टेकवत त्यांनी विचारलं, "ते दुसरं... त्याचं काय करत्यात?"

"काही नाही करत. ते आतच राहतं. विरून जातं म्हणाले."

"कुटं?"

"माझ्याच अंगात."

त्यांनी पिशवीवरचं फडकं नीट केलं. मग म्हणाल्या, "मंग बरं." आणि पिशवी दुसऱ्या बाजूला लावली.

माफी अशी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. पण त्या दुसऱ्याबद्दल मला प्रश्न विचारणारं माणूस त्या सगळ्या काळात आत्याबाईंखेरीज दुसरं भेटलं नाही. डाग आठवडाभर येत-जात राहिला आणि मग थांबला. सुया चौथ्या महिन्यापर्यंत चालल्या. त्यानंतर मी शाळेची पिशवी कपाटावरून स्वतः काढली, आणि या वेळी कुणी अडवलं नाही. मुख्याध्यापक माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "कंबरदुखी बरीच वाढलेली दिसते." त्यांना विनोद करायचा होता. मी हसले नाही.

मुलगी नगरच्या दवाखान्यात सिझर करून झाली, तारखेच्या जवळपास महिनाभर आधी. लहानशी, पण रडायला खणखणीत. आत्याबाईंनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तिची बोटं एकेक करून सोडवून पाहिली.

माणसांची मात्र खोड गेली नाही. दीड महिन्याची झाल्यावर मी तिला डोस द्यायला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. डोक्याला थोडी पांढरी झाक आली होती, इतके महिने मेंदी लावायलाही कुणी दिली नव्हती. ती भुकेनं कळवळत होती. टेबलामागची नवीन सिस्टर मान वर न करता म्हणाली, "आजी, बाळाच्या आईला पुढे पाठवा."

भोवती बाकावर विशीतल्या आया बसल्या होत्या. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यातल्या दोघींना सरकायला लावलं, बाकावर टेकले, पदर पुढे ओढला आणि तिला पाजायला घेतलं.