खोडदच्या हद्दीतला फोन

दादाच्या सायकलीवरून आमच्या घरात रोज तोंडातोंडी व्हायची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या डिश-अँटेनांवर तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेला आणि हृदयात स्टेंट बसलेला. डॉक्टर म्हणाले चालत जा, तर ह्यानं सायकल घेतली. रोज सकाळी नारायणगावाहून खोडदच्या पुढं जाऊन परत यायचा.

मी त्याच्या फोनात ॲप टाकून दिलं. तो कुठं पोचलाय ते मला दुकानात आणि वहिनीला घरात ठिपक्यानं दिसायचं. पण ह्याचा जीव हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरवर. वेग आणि अंतर टिपणारी, काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी.

"उन्हात नीट दिसतं, बॅटरीची कटकट न्हाई," तो म्हणायचा. "आणि ही नुसती ऐकती, बोलत न्हाई. आमच्या डिशसारखी."

"मग तू पडलास तर आमाला सांगणार कोण, डिश?"

मला लई राग यायचा. फोनमुळं आकाशातून येणारे बारीक सिग्नल बिघडतात, म्हणून अँटेनांपाशी फोन बंद, हा त्याच्या नोकरीचा नेम. रस्त्यानं जाणाऱ्याला कुणी अडवत नाही, गावातले लोकसुद्धा फोनवर बोलत शेतात फिरतात. हा मात्र पहिली अँटेना दिसली की फोन बंद करायचा, शेवटची मागं पडली की चालू. वीस मिनिटं ठिपका गायब, मग पुन्हा उगवायचा. तेवढा वेळ मी गिऱ्हाइकांवर उगाच खेकसायचो.

त्या दिवशी विसाची पस्तीस मिनिटं झाली. वहिनीचा फोन आला. "भाऊजी, ह्यांचा ठिपका अजून आला न्हाई." दुकान तसंच उघडं टाकून मी मोटरसायकलला किक मारली.

दोन्ही बाजूला ऊस. प्रत्येक मोरीपाशी वेग कमी करून मी खाली वाकून बघत होतो आणि त्या डबीला शिव्या घालत होतो. खोडद मागं पडलं. पुढं एका वळणावर दादा दिसला. सायकलीवर सगळा भार टाकून पाऊल पाऊल चालत होता. शर्ट घामानं चिंब, तोंड राखेसारखं.

"छातीत दुखतंय," तो म्हणाला.

"फोन कुठंय?"

"खिशात."

"लावला का न्हाईस?"

त्यानं हात वर करून मागं दाखवलं. उसाच्या वर एक अँटेना अजून दिसत होती.

टोमॅटोचे क्रेट घेऊन चाललेला पिकअप मी आडवा होऊन थांबवला. दादाला पुढं बसवलं, सायकल क्रेटवर टाकली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आमच्या हातात काही नव्हतं.

दोन दिवसांनी मी ती डबी घरच्या कॉम्प्युटरला जोडली. चांगला वेग एकदम शून्यावर आलेला. नऊ मिनिटं तिथंच. मग ताशी दोन, परत शून्य, परत दोन. असं सहाशे मीटर. सगळं तिनं टिपून ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. मला रडू आलं.

तसाच उठून दवाखान्यात गेलो. "दादा, मेला असतास."

"तीस वर्सं मी लोकांचे फोन बंद करायला लावले," तो म्हणाला. "माझाच कसा लावू?"

आता मीही सायकल घेतलीय. गुडघे दुखतात, तरी त्याच्या मागं असतो. पहिली अँटेना दिसली की तो थांबून माझ्याकडं बघतो. मी त्याच्या नावानं खडे फोडत माझा फोन बंद करतो, आणि शेवटची अँटेना मागं पडेपर्यंत त्याच्या पाठीवरची नजर काढत नाही.